राहण्याची सोय

प्रिय श्रावणी,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन लागत नाही. की लागतो आणि तू उचलत नाहीस, ते तुझं तुला ठाऊक. म्हणून हे पत्र. पोस्टानं येणार नाही, आमच्याकडचे स्वतः जुळे सोलापूरला तुझ्या भावाच्या फ्लॅटवर आणून देतील. का, ते शेवटी लिहिते. पत्ता तुझ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं लिहिलेला आहेच, 'द्वारा अवधूत' म्हणून. ट्रंक मी उघडलेली नाही, वरची धूळ तेवढी पुसते. कागद आमच्या आरोहीच्या जुन्या शाळेच्या वहीतले आहेत. मागच्या बाजूला तिची भूमिती दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. एका बाजूनं कोरा असलेला कागद माझ्या हातून फेकवत नाही, हे तुला माहीत आहे.

आधी रागाचं लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. बदलीच्या अर्जात तू कारण काय लिहिलंस? 'राहण्याची सोय नाही.' अगं बाई! दोन वर्षं माझ्या घरात राहिलीस, माझ्या हातचं जेवलीस, आणि सोय नाही? जिल्ह्याच्या ऑफिसातून ग्रामपंचायतीला विचारणा आली, त्यात तुझं वाक्य जसंच्या तसं होतं. सोमवारी सकाळी सरपंच आबासाहेब तो कागद घेऊन आमच्या ओसरीवर हजर. सरपंच झाल्यापासून त्यांना चहाशिवाय बोलता येत नाही. चहा झाला, दुसरा अर्धा कप झाला, मग म्हणाले, "वैनी, ह्ये बगा, गावाची न्हाय, तुमचीच बदनामी हाय. तुमच्या घरात ऱ्हाऊन पोरगी वर हापिसात सांगती, सोय न्हाय." आणि दुसरा कागद पुढे केला, टाइप करून आणलेला. त्यात लिहिलं होतं की सदर आरोग्यसेविका माझ्या घरी राहत होत्या, त्यांची राहण्याची सर्व सोय होती व आहे. खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ. "तुमी निस्ती सही करा. अर्ज बाद हुतोय, आन् सिस्टर गुमान माघारी येत्यात की. शुक्रवारपातुर जबाब द्यायचाय."

म्हणजे बघ, तुझ्या बदलीचं आता माझ्या एका सहीवर येऊन थांबलं आहे. सही केली तर तू इथे येणार, मनात असो वा नसो. नाही केली तर आपल्या वाडीचा दवाखाना असाच कुलपात. दसऱ्यापासून उघडलेला नाही. लसीकरणाच्या दिवशी केमहून दुसऱ्या बाई येतात, दोन तास बसतात, गाडीची वेळ झाली की जातात. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांच्याकडे आधीच चार गावं.

मी त्याच वेळी सही करणार होते, खोटं कशाला सांगू. चष्माही लावला होता. पण मोघम कागदावर सही करायची मला सवय नाही. म्हटलं, आबासाहेब, ठेवून जा, माझ्या वहीत बघून तारखा घालते, कधीपासून कधीपर्यंत राहत होती ते. ते हसले. म्हणाले, "वैनी, तुमच्या वहीत आमच्या हयातीचा दाखला बी घावंल."

गावाचं तर विचारूच नकोस. तू गेल्यापासून एकेकाला तुझा इतका पुळका आला आहे की ऐकून माझं डोकं दुखतं. दवाखान्याच्या पाण्याची मोटार जळाली तेव्हापासून तू सांगत होतीस. तीन वेळा ग्रामसभेत विषय निघाला, तीनदा चहा झाला, तीनदा 'बघू' झालं. तू हापशावरून घागरी वाहिल्यास. आता ऑफिसातून चौकशी येणार म्हटल्यावर मंगळवारी सकाळी मिस्त्री आला आणि दुपारी पाणी चढलं. म्हणजे मोटार दुरुस्त होत होती! फक्त तुझ्यासाठी होत नव्हती. महिला दिनाला मात्र तुझा सत्कार चुकला नाही. एका वर्षात तुला तीन शाली मिळाल्या, मोटार एकही मिळाली नाही. आणि तो फ्लेक्स! 'आपल्या हक्काच्या सिस्टर, चोवीस तास सेवा', खाली तुझा मोबाइल नंबर, वर आबासाहेबांचा फोटो तुझ्या फोटोच्या दुप्पट. त्या नंबरावर कुणी फोन केला नाही ते विचार. एकानं म्हैस पान्हवत नाही म्हणून पहाटे उठवलं होतं. तू नम्रपणे सांगितलंस की ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. तर शेजारच्या वच्छलाबाई म्हणाल्या, "मान्सांचं कळतंय तर म्हशीचं काय अवगड हाय?" या त्याच वच्छलाबाई, ज्यांचं बीपी तू आठवड्यातून चारदा बघायचीस आणि ज्या घरी जाऊन खारातली मिरची खायच्या. हळदीकुंकवालासुद्धा तुला वाणाबरोबर बीपीचं मशिन आणायला सांगायच्या. परवा डोळ्याला पदर लावून म्हणतात, "पोरगी लई गुनाची व्हती, तिला कुनी समजूनच घ्येतलं न्हाय." मी म्हटलं, कुणी म्हणजे कोण हो?

त्यांनी पदर सावरून घराची वाट धरली. मीही आत वळले. का, ते नंतर लिहिते.

मला वाटत होतं, निदान माझ्याकडे बोट दाखवायला तुला जागा नाही. पश्चिमेची खोली तुला दिली, आमच्या मुलाची, उदयसिंहाची. खाट दिली, पंखा दिला. सकाळचा चहा, दुपारी डबा, संध्याकाळी गरम भाकरी. तू कधी यायचीस याचा नेम नसायचा, तरी तुझी भाकरी मी झाकून ठेवायची. पहिल्या चातुर्मासात तू आजारी पडलीस तेव्हा सात दिवस तुला पेज करून दिली. हे मी सांगू नये, पण तू 'सोय नाही' लिहिलंस म्हणून सांगावं लागतं.

तू दगडाचं म्हणशील. परसातल्या दगडाचं. तर ऐक, ती रीत मी काढलेली नाही. आमच्या सासूबाईंच्या वेळी सुईण आली तरी तीच रीत होती. बाळंतपण करून आलेल्या माणसानं आधी बाहेर अंघोळ करायची, मग उंबरा ओलांडायचा. आमच्या घरात देवीचं ठाणं आहे, करमाळ्याच्या कमलाभवानीचं. तिचं सोवळं मी लग्न होऊन आल्यापासून, पस्तीस वर्षं सांभाळते आहे. तुझ्यासाठी दगडाला तीन बाजूंनी जुन्या लुगड्याचा आडोसा केला होता. पाणी तापवून बादली दगडापाशी ठेवत होते आणि मागे सरकत होते. पहिल्या खेपेला तू म्हणालीस, "काकू, आत न्हाणीघर आहे की." मी म्हटलं, न्हाणीघराच्या भिंतीला देवघर लागून आहे. तू "बरं" म्हणालीस. त्यानंतर पुन्हा एकदाही विचारलं नाहीस.

पौषातसुद्धा नाही.

आता चौथ्या माळेचं. मी ते टाळत होते, पण कागद संपत आला आहे आणि आरोहीची भूमिती अजून बरीच आहे, तेव्हा लिहूनच टाकते. नवरात्राचे घट बसले होते, अखंड दिवा होता. सकाळी वीटभट्टीवरचा मजूर बसू तुला मोटारसायकलवर न्यायला आला, त्याच्या बायकोला, गौरम्माला, कळा लागल्या होत्या. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर गाडी दुसरीकडे अडकलेली. भट्टीवरच, पत्र्याच्या आडोशाला तू तिला मोकळी केलीस. पोरीच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते, हे बसूनं नंतर सगळ्या गावाला सांगितलं. मला तू काहीच सांगितलं नाहीस, कारण मी तेवढी संधीच दिली नाही. दुपारी तू फाटकाशी उभी राहिलीस. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, केसांत विटांची लाल धूळ, आणि तू हसत होतीस. म्हणालीस, "काकू, पाणी ठेवता का?"

आणि मी फाटकात हात आडवा धरला.

मी म्हटलं, बाई, घट बसलेत. या दिवसांत दगडावर अंघोळ केली तरी मला चालायचं नाही, परसातूनच फुलं आणते मी. घट उठेपर्यंत तू दवाखान्यातच राहा की. पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. तू पुन्हा "बरं" म्हणालीस. तुझं ते बरं त्या दिवशी मला फार सोपं वाटलं, म्हणून मी लगेच आत जाऊन दिव्यात तेल घातलं. तुझी वळकटी आमच्याकडचे सायकलवरून टाकून आले. दवाखान्यात पाणी नव्हतं, हे मला माहीत होतं. तिथे तपासायचं लोखंडी टेबल सोडून झोपायला काही नव्हतं, हेही माहीत होतं. दोन्ही वेळचा डबा मात्र चुकू दिला नाही. पायरीवर ठेवायचा, हाक मारायची आणि तू दार उघडायच्या आत वळायचं. दिवसातून दोनदा तुझ्याकडे पाठ करून मी घरी आले, सहा दिवस.

दसऱ्याला घट उठले. मी सोनं घेऊन, पुरण घेऊन निघाले, मनात म्हटलं आता पोरीला घरी आणू. दाराला कुलूप. खिडकीत डबा. हापशावरच्या मारुतीच्या गुरवानं सांगितलं की सिस्टर सकाळीच केमला गेल्या, सोलापूरची गाडी धरायची म्हणून. डबा घासलेला होता, लखलखीत. उघडला तर आत मूठभर साखर. परक्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत मीच तुला शिकवली होती. तू ती माझ्यावरच चालवलीस. मी तिथे पायरीवर बसले. संतापले होते. वाटलं, एवढं केलं आणि ही मला साखर देते! त्या साखरेचा चहा मी केला नाही. अजून फडताळात आहे, मुंग्या लागू नयेत म्हणून खाली पाण्याची वाटी ठेवली आहे.

दिवाळीनंतर गौरम्मा आली. पोरगी काखेत, हातात शेंगाचटणीची पुडी. ती अक्कलकोटच्या पलीकडची, निम्मं कानडी बोलते. फाटकाबाहेरून म्हणाली, "अक्का एल्ली? कुटं हाय? अक्का हितंच ऱ्हाती नव्हं?" इथेच राहते म्हणू की राहत होती म्हणू? मी चटणी घेतली आणि सांगेन म्हटलं. पोरगी माझ्याकडे बघत होती, डोळे मोठे करून. बाळाला घेऊन आत ये म्हणायला मला सुचलंच नाही, ती गेल्यावर सुचलं. माझ्याबाबतीत सगळं असंच उशिरा होतं.

तर वहीचं सांगत होते. आबासाहेब गेल्यावर मी तारखा शोधायला दोन वर्षांच्या वह्या काढल्या. तुला माहीत आहे, माझ्या वहीत दूध, किराणा, पाहुणे, तिथी, सगळं असतं. तू ज्या ज्या दिवशी बाळंतपण करून आलीस त्या दिवशी मी समासात एकच शब्द लिहिला आहे, 'गोमूत्र'. तू आत आल्यावर मी घरभर शिंपडायची ना, तेच. मी बोट ठेवून मोजायला लागले, तुझ्याच विरुद्ध पुरावा म्हणून. अकरा नोंदी निघाल्या. पहिल्या नोंदीला वाटलं, ही तारीख कुठेतरी ऐकली आहे. तेवढ्यात शेजारी वच्छलाबाईंचा नातू रडला आणि लक्षात आलं, त्याचा वाढदिवस. दुसरी, पोस्टमनच्या मुलीची. ज्येष्ठातली एक, आबासाहेबांच्या पुतणीच्या जुळ्यांची. अकरा नोंदी आणि बारा पोरं, श्रावणी. सगळी जिवंत, चालायला लागलेली ओट्यावर खेळतात, माझ्या पारिजातकाची फुलं तुडवतात, मी ओरडते. त्यांच्या जन्माच्या दिवशी माझ्या वहीत काय लिहिलं आहे तर गोमूत्र. तेरावं पोर गौरम्माचं. चौथ्या माळेच्या पानावर समास कोरा आहे, कारण त्या दिवशी शिंपडायची वेळच आली नाही. तू आत आलीच नाहीस.

मग मी काल करमाळ्याला जाऊन आले. देवीपुढे बसले, ओटी भरली. देवीनं काय सांगितलं म्हणशील तर काही नाही. समोर एक लेकुरवाळी बाई होती, तिच्या पोरानं गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरच ओलं केलं, आणि गुरवीण बाईंनी पदरानं पुसून टाकलं आणि पुढच्या बाईचा नारळ घेतला. एवढंच. मी घरी आले. माझं सोवळं मी सोडणार नाही, घट पुढच्या वर्षीही बसतील, ते मला जमेल असं वाटत नाही आणि मी खोटा शब्द देणार नाही. पण परसातला दगड काढायला लावला. आमच्याकडचे कुरकुरले, कंबर धरली म्हणाले. दगड वच्छलाबाईंनी धुणं धुवायला मागून नेला आणि आता त्यावर धुण्याऐवजी मिरच्या वाळवतात.

आरोहीचं सांगू की नको, ठरत नव्हतं. सांगितलं तर तुला वाटेल काकू यासाठीच लिहिते. तिला सातवा लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माझ्या मनात पक्कं होतं की तू आहेस तर मला कसली चिंता. परवा फोनवर म्हणाली, "आई, तिथे आता नर्सच नाही, मी येत नाही. इकडेच करू." मी म्हटलं बरं. माझ्या तोंडून तुझा तो शब्द निघाला आणि तो गिळायला किती जड आहे ते मला कळलं. आमच्याकडच्यांनी तेवढ्यात विचारलं, "मग सही करतेस ना?" आरोहीसाठी विचारलं त्यांनी, वाईट हेतूनं नाही. मी भाकऱ्या थापत राहिले.

आता का लिहिलं ते. आबासाहेबांचा टाइप केलेला कागद मी चुलीत घातला नाही, मागच्या बाजूला कोरा आहे म्हणून ठेवला आहे. त्याऐवजी माझ्या हातानं दुसरा लिहिला: 'मी, वैजयंती सयाजी, लिहून देते की आरोग्यसेविका श्रावणीताई दोन वर्षं माझ्या घरी होत्या. खोली होती. नवरात्रात त्या बाळंतपण करून आल्या असता मी त्यांना घरात घेतलं नाही व पाणी नसलेल्या दवाखान्यात सहा दिवस ठेवलं. त्यांनी अर्जात लिहिलं आहे ते खरं आहे.' खाली सही केली. आबासाहेबांच्या हाती दिला तर तो कागद कुठे जाईल ते मला माहीत आहे, म्हणून उद्या आमच्याकडचे केमहून गाडीनं येतील, तो ऑफिसात देऊन पोच घेतील आणि मग तुझी ट्रंक आणि हे पत्र तुझ्या दारी आणतील. तुझी बदली होईल. गाव मला नावं ठेवील, आबासाहेब चहाला येणार नाहीत, तेवढी साखर वाचेल. आरोहीचं तिच्या सासरी होईल, तिथे दवाखाना जवळ आहे. तुला मी परत ये म्हणत नाही, तो हक्क मी फाटकात घालवला. पश्चिमेची खोली झाडून ठेवली आहे आणि न्हाणीघराच्या दाराला आतून नवी कडी बसवून घेतली आहे, हे फक्त कळवते. डबा ट्रंकेवर बांधून दिला आहे, त्यात गौरम्माची चटणी आहे, तुझ्यासाठी आणलेली, मी चाखलेली नाही. आणि कधी मनात आलं, एखाद्या दिवसापुरतं का होईना, तर डबा घेऊन ये. साखर घालू नकोस. रिकामा आण.

तुझीच,
वैजयंतीकाकू